गाडी चालत होती, मी बसलो होतो

भिलाईच्या स्टील प्लांटमधून निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी आम्ही नवी गाडी घेतली. आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको. पण चालवणारा मी एकटा, ती बाजूला बसणारी. प्लांटनं दिलेलं सेक्टरमधलं क्वार्टर सोडून जुनवानीला स्वतःच्या घरात राहायला आलो तोवर जुनी गाडी इतकी म्हातारी झाली होती की पावसाळ्यात पाय ठेवायच्या जागी पाणी साचायचं. नवी कोणती घ्यायची हे मात्र आमच्या मुलीनं ठरवलं, पुण्यात बसून, फोनवर.

"बाबा, अब ऐसी गाडी घ्या जी स्वतः ब्रेक मारते," ती म्हणाली. तिचं मराठी असंच, अर्धं हिंदीत बुडवलेलं. "आपकी उमर हो गयी है."

"मी बत्तीस वर्षं क्रेन चालवली," मी म्हणालो. "अन् तू मले गाडी शिकवून राहिली?"

"क्रेनसमोर गाय येत नाही, बाबा."

तिच्या मर्जीची गाडी घरी आली. ही गाडी रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या पाहून त्यांच्या मधोमध चालायची. पुढची गाडी हळू झाली की आपणही हळू व्हायची, ती पळाली की पळायची. शोरूममधल्या बाईंनी सगळी बटणं दाखवली आणि तीन वेळा सांगितलं, "सर, ये सिर्फ मदद है. ड्राइवर आप ही हैं." बसमध्ये 'हात बाहेर काढू नये' ही पाटी जशी आपण वाचतो, तसं मी ते ऐकलं.

गाडीसोबत एक जाड पुस्तक आलं होतं. मी ते डिकीत ठेवलं. बायकोनं ते डिकीतून काढलं. ती एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होती. सारी नोकरी तिनं सर्क्युलरं वाचण्यात आणि ती न वाचणाऱ्या मास्तरांमागे धावण्यात घालवली. गच्चीवर उन्हात खुर्ची टाकून, पेन्सिल घेऊन तिनं तीन दुपारी ते पुस्तक वाचून संपवलं. मधूनच खाली मला हाक मारायची.

"अहो, ऐकता का? थांबून असलेल्या वस्तू ओळखता येतीलच असं नाही, असं लिहून आहे."

"हो न."

"पट्ट्या पुसल्या असल्या तं भरवसा ठेवू नका, असं लिहून आहे."

"लिहितेतच ते. कायद्यासाठी लिहा लागते."

"अन् हात स्टेरिंगवरून काढाचा नाही. हे सतरा पानांवर लिहून आहे. मी मोजले."

मी खाली पेपर वाचत होतो. मोजणाऱ्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

भिलाईत त्या बटणांचा काही उपयोग झाला नाही. सुपेलाच्या बाजारात एक स्कूटर डावीकडून घुसायची, एक उजवीकडून, मधून एखादा हातगाडीवाला कांदे घेऊन निघायचा, आणि आमची गाडी घाबरून इतक्या वेळा कच्चकन थांबायची की मागचे टेम्पोवाले माझ्या सात पिढ्यांची चौकशी करायचे. गाडी सारखी पीं पीं करायची. एकदा तर रस्त्यात रवंथ करत बसलेल्या गायीसमोर आम्ही उभे राहिलो, आणि गाडी वाजत राहिली, गाय बसून राहिली. शेवटी बायको उतरली आणि गायीला दोन शब्द बोलली. गाय उठली.

मग मला ती युक्ती कळली. सकाळी बगीच्यात फिरायला जाणारी आमची सहा-सात जणांची टोळी होती, सगळे प्लांटमधून निवृत्त. त्यात ब्लास्ट फर्नेसवर काम केलेला माझा एक जुना मित्र. त्याच्याकडे माझ्यासारखीच गाडी होती. जयभीम झाला, दोन चकरा झाल्या, बाकावर टेकलो, आणि तो म्हणाला, "हायवेवर तू अजून हात ठेवून चालवते का बे?"

"तं कशानं चालवू? हात काढला की दहा-पंधरा सेकंदांत बोंबलते न ते."

"पाण्याची बाटली खोचून दे न स्टेरिंगमधी. गाडीले वाटते माणसाचा हात आहे. मी रायपूरपर्यंत शेंगा खात जातो."

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते डोक्यात बसलं होतं.

थंडीत भंडाऱ्याला जायचं ठरलं. बायकोच्या मोठ्या बहिणीनं तिथे नवं घर बांधलं होतं, घरात राहायला जाण्याआधी बुद्धवंदना ठेवली होती. सकाळी आठला निघालो. दुर्ग गेलं, राजनांदगाव गेलं, आणि मोकळा हायवे लागल्यावर मी बटणं दाबली. पायाखालचे पेडल मोकळे झाले. बायको खिडकीतून शेतं पाहत होती. मी हळूच दारातली बाटली काढली आणि स्टेरिंगच्या दांडीत अडकवली. थोडा वेळ हात वर धरून पाहिलं. गाडी गप्प. मग हात मांडीवर ठेवले.

खोटं कशाला सांगू, मजा आली. रस्ता आपल्या आपण समोर येत होता, वळणावर स्टेरिंग आपलं आपण फिरत होतं. मी एक संत्रं सोललं. अर्ध्या फोडी बायकोला दिल्या. तिनं त्या रस्त्याकडे पाहत खाल्ल्या. देवरीपर्यंत मी दुसरं संत्रं सोललं, चष्मा पुसला, मुलीचा आलेला मेसेजही वाचला. देवरीच्या पुढे जंगल लागलं. बायकोला तहान लागली. तिनं दारात हात घातला, बाटली नव्हती. मग तिला ती स्टेरिंगवर दिसली.

"इथं कावून ठेवली बाटली?" असं म्हणत तिनं ती ओढून काढली, झाकण उघडलं आणि पाणी प्यायला लागली.

मी हात वर नेईपर्यंत, एका हातात संत्र्याची सालं आणि दुसऱ्यात चष्मा असल्यानं, वेळ गेला. गाडी वाजायला लागली. आधी हळू, मग जोरात, मग समोरच्या पडद्यावर लाल हाताचं चित्र लुकलुकायला लागलं.

"हे कावून बोंबलून राहिलं?" बायको म्हणाली. मग तिनं बाटलीकडे पाहिलं. मग स्टेरिंगकडे. मग माझ्या हातांकडे. पुस्तकातली सतराच्या सतरा पानं तिच्या तोंडावर उमटलेली मी पाहिली.

"थांबवा गाडी."

"अवं, आता हात ठेवला न मी."

"गाडी थांबवा म्हणून राहिली न मी!"

पुढे एक ढाबा होता. तिथे गाडी लावली. ती उतरली नाही. बाटली मांडीवर घेऊन बसली.

"किती वेळपासून?"

"राजनांदगावपासून."

"म्हणजे शंभर किलोमीटर मी बाटलीच्या भरवशावर बसली होती."

"गाडीच चालवते वं. बाटली तं नुसती..."

"तुमच्या क्रेनवर कोणी असं केलं असतं तं तुम्ही काय केलं असतं?"

मी काय केलं असतं हे तिला माहीत होतं. तो किस्सा मीच तिला जेवताना सांगितला होता. मी स्टील मेल्टिंग शॉपमध्ये क्रेन चालवायचो. वितळलेल्या पोलादानं भरलेली भली मोठी बादली उचलायची आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायची. खाली माणसं काम करत असायची. हुक फार वर गेला तर क्रेन आपोआप बंद पडावी म्हणून एक स्विच असतो. मला शिकवणाऱ्या उस्तादानं पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं की हा स्विच तुझी चूक झाली तर तुला वाचवायला आहे, तुझं काम करायला नाही. पुढे मी स्वतः उस्ताद झालो. एक नवा ऑपरेटर हुक बेधडक वर सोडून द्यायचा, स्विचवर आदळून थांबेल म्हणून. मी त्याला केबिनमधून खाली उतरवलं आणि चार लोकांसमोर असा झापला की तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. बत्तीस वर्षांत माझ्या क्रेनखाली कोणाला ओरखडा आला नाही, हा माझा अभिमान. आणि तोच मी आता बाटलीच्या हाती गाडी देऊन संत्री सोलत होतो.

"नाही करत आता," मी म्हणालो.

"शप्पथ?"

"शप्पथ."

तिनं बाटलीतलं सगळं पाणी पिऊन टाकलं आणि रिकामी बाटली मागच्या सीटवर फेकली. साकोलीपर्यंत तिची नजर माझ्या हातांवर होती. भंडाऱ्यात मात्र बहिणीला पाहिल्याबरोबर तिचा राग विरघळला, आणि दोन दिवस घर पाहणं, जेवणं, जुन्या गोष्टी यांत छान गेले. तिनं बाटलीचं कोणाला सांगितलं नाही. याबद्दल मी तिचा फार आभारी होतो.

खरी गोष्ट झाली ती परतताना.

सांगून ठेवतो, बाटली नव्हती. हात स्टेरिंगवर होते. गाडीची बटणं चालू होती, आणि यात काही चूक नव्हती. ती त्यासाठीच असतात. दुपारची वेळ, ऊन छान, पोट भरलेलं. बायकोच्या बहिणीनं सांभारवडीचा डबा बांधून दिला होता आणि गाडीभर त्या कोथिंबिरीचा वास सुटला होता. मी तिला वंदनेला आलेल्या एका पाहुण्याची नक्कल करून दाखवत होतो. तो पाहुणा दर दोन वाक्यांनंतर डोळे मिटायचा. नक्कल चांगली जमत होती, बायको हसून हसून पदर तोंडाला लावत होती, आणि ती हसतेय हे पाहायला मी तिच्याकडे वळलो. हात होते तिथेच होते, पण डोळे तिच्याकडे.

छत्तीसगडची हद्द लागून बराच वेळ झाला होता. राजनांदगावच्या अलीकडे एका पुलाचं काम चालू होतं आणि रस्ता डावीकडे वळवला होता. तसा मोठा बोर्ड होता, बाण होता. मी तो पाहिला नाही. जुन्या रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्या अजून सरळ जात होत्या, आणि आमची गाडी इमानेइतबारे त्या पट्ट्या धरून सरळ निघाली, जिथे रस्ता बंद करायला प्लास्टिकचे लाल ड्रम मांडले होते.

"अहो!" बायको ओरडली. "पुढं पाहा!"

मी वळलो, ब्रेकवर पाय दाबला, सगळा जोर लावून दाबला. गाडी किंचाळली. एक ड्रम उडाला, घरंगळत गेला. गाडी दुसऱ्या ड्रमला टेकून थांबली. सांभारवडीचा डबा समोरच्या काचेवर आपटला.

मी तिचा हात धरला होता की तिनं माझा, आठवत नाही. "लागलं का तुले?" "नाही. तुमाले?" "नाही." मग समोर पाहिलं. ड्रमांच्या पलीकडे, वीस-पंचवीस पावलांवर, एक बाई उभी होती. केशरी जाकीट, हातात लाल झेंडी. उडालेला ड्रम तिच्यापासून हातभर अंतरावर जाऊन पडला होता. ती जेवत असावी, कारण तिच्या पायांजवळ स्टीलचा डबा उपडा झाला होता आणि भात मातीत सांडला होता.

मी दार उघडून धावलो. ती माझ्याच वयाची असेल. तिला काही झालं नव्हतं. तिनं मला वरून खाली पाहिलं.

"कोन चलावत रहिस गाड़ी ला?" तिनं छत्तीसगढीत विचारलं. कोण चालवत होतं गाडी?

आणि माझ्या तोंडून काय निघालं, ऐका. मी म्हणालो, "बाई, गाड़ी अपने आप चल रही थी. इसमें सिस्टम है."

तिनं गाडीकडे पाहिलं, परत माझ्याकडे.

"त तुमन का करत रहेव?"

मग तुम्ही काय करत होता? तिनं रागानं नाही विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. गाडी चालत होती म्हणता, तुम्ही त्यात बसला होता, मग तुमचं काम काय होतं? मी बत्तीस वर्षं बोलणारा माणूस, सेफ्टीच्या मीटिंगांमध्ये भाषणं देणारा. डोळ्यांत पाणी आलं, ते मी धूळ गेल्यासारखं करून पुसलं.

"गलती मेरी है," मी म्हणालो. "सामने नहीं देख रहा था."

"हव," ती म्हणाली. म्हणजे हो. तिला तेच वाटलं होतं.

तोवर बायको मागून आली होती. तिच्या हातात पोचा पडलेला डबा. ती त्या बाईसमोर मातीतच बसली, डबा उघडला आणि सांभारवड्या काढून तिच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या. बाईनं एक तोडून खाल्ली, मग विचारलं यात काय आहे. बायकोनं तिला कोथिंबीर, बेसन, खसखस सगळं सांगितलं. मी ड्रम उचलून जागेवर ठेवले. तिनं मला दोनदा ते सरकवायला लावले, कारण मी चुकीच्या ओळीत लावत होतो. शेवटी मीही त्यांच्याजवळ बसलो आणि तिघांनी मिळून वड्या संपवल्या. निघताना ती बायकोला म्हणाली, "भाटो ला बने देखबे." तुझ्या नवऱ्याकडे नीट लक्ष ठेव. बायको म्हणाली, "मैं तो कब से देख रही हूँ."

गाडीचा पुढचा बंपर तडकला होता आणि एक दिवा फुटला होता. तिथून भिलाईपर्यंत मी सगळी बटणं बंद करून, दोन्ही हात स्टेरिंगवर ठेवून, शिकाऊ माणसासारखा आलो. बायकोनं दोनदा सांगितलं, "इतकं हळू नका चालवू, मागचे शिव्या देऊन राहिले."

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला गाडी नेली. तिथे विम्याचा फॉर्म भरायचा होता. अपघात कसा झाला, या रकान्याशी माझा पेन थांबला. काउंटरवरचे गृहस्थ माझा घोळ पाहत होते. ते मदत करायला म्हणून वाकले.

"अंकल, गाय लिख दीजिए. अचानक गाय आ गयी. सब यही लिखते हैं."

"गाय नव्हती," बायको बाजूनं म्हणाली.

"आंटी, गाय से कोई पूछने थोड़ी जाता है."

मला हसू आलं. भिलाईच्या गायींवर आजवर किती गुन्हे चढले असतील, असं वाटलं. क्षणभर लिहावंसंही वाटलं. कोणाचं काय जात होतं? मग त्या बाईचा प्रश्न कानात आला आणि मी लिहिलं: चालकाचं लक्ष समोर नव्हतं. खाली चालकाच्या नावाच्या जागी माझं नाव, आणि सही. त्या गृहस्थांनी ते वाचलं, कपाळाला हात लावला आणि फॉर्म घेतला. काम झालं. थोडं उशिरा झालं, पण झालं.

मुलीला फोनवर सांगणं जास्त कठीण गेलं. ती आधी ओरडली, मग रडली, मग गाडी विकायला निघाली. बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला. "गाडीचा काही दोष नाही," ती म्हणाली. "गाडीनं सतरा पानांवर सांगितलं होतं."

आणि बगीच्यातल्या टोळीलाही मी सांगितलं. खरं तर सांगायचं नव्हतं. चार दिवस गेलो नाही, पाय दुखतो म्हणालो. पण मित्र शेंगा खात रायपूरला जातो हे मला झोपू देईना. पाचव्या दिवशी गेलो आणि बाकावर बसून सगळं सांगितलं, बाटलीपासून भातापर्यंत. बाटली ओढून बायको पाणी प्यायली त्या जागी सगळे पोट धरून हसले. ड्रमाच्या जागी कोणी हसलं नाही. माझा मित्र बुटाच्या टोकानं माती उकरत होता.

"पण तेव्हा तं तुझी बाटली नव्हती न," तो म्हणाला.

"नव्हती. हातही होते. डोळे नव्हते. बाटलीपासूनच सवय लागली, की आपलं काम नाही म्हणून."

दोन दिवसांनी त्याच्या घरी चहाला गेलो होतो तेव्हा त्याच्या नातीला शाळेतून आणायला आम्ही दोघं त्याच्या गाडीत निघालो. त्याचे दोन्ही हात स्टेरिंगवर होते. नात मागे बसली आणि सगळ्या रस्ताभर तिनं आम्हाला वर्गातल्या मारामारीची हकीकत सांगितली. तो एकदाही मागे वळला नाही, नुसतं "हो का? मग?" म्हणत राहिला.

बायकोनं मात्र याचा भलताच अर्थ काढला. एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "मी गाडी शिकतो."

सत्तावन्न वर्षांची बाई. आयुष्यात सायकलीपलीकडे काही चालवलं नव्हतं.

"कावून?"

"गाडीत एकच चालवणारा असला अन् तोच असा असला तं मी काय करू? ओरडू शकतो फक्त मी."

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत ती सेक्टरच्या रुंद रस्त्यांवर महिनाभर शिकली. शिकवणारे मास्तर मला म्हणाले की अशी विद्यार्थिनी पाहिली नाही. क्लच दाबायच्या आधी विचारते, का दाबायचा. दुर्गला लायसन्सची परीक्षा झाली. ती पहिल्या वेळी नापास झाली, कारण उलट गाडी घेताना ती थांबून परीक्षकांना म्हणाली की मागे कोणी उभं आहे, आधी त्याला बाजूला करा. उभा असलेला माणूस परीक्षेचा शिपाईच होता. दुसऱ्या वेळी पास झाली.

आता ती चालवते तेव्हा मी डावीकडे बसतो. गाडीची बटणं तिनंही शिकून घेतली. पुस्तक तिनंच वाचलं असल्यानं कुठलं कधी लावायचं आणि कधी बंद करायचं हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. आणि गाडीवरही अन्याय नको. जुनवानीच्याच चौकात एकदा एक स्कूटर उलट्या बाजूनं आली. बायकोचा पाय ब्रेकवर गेला त्याच वेळी गाडीनंही ब्रेक धरला, आणि दोघींच्या मिळून जोरानं आम्ही वेळेत थांबलो. स्कूटरवाला हात दाखवून निघून गेला. "चांगली आहे हो गाडी," बायको म्हणाली आणि स्टेरिंगवर थोपटलं.

माझं मात्र डावीकडे बसणं अजून जमलेलं नाही. मागच्या महिन्यात जामुलला तिच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं जेवायला बोलावलं. सिमेंट कारखान्याचे ट्रक समोरून येत होते आणि प्रत्येक ट्रकला मी पायानं खाली दाबत होतो.

"तुमच्या बाजूले ब्रेक नाही आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मंग कावून दाबून राहिले?"

मैत्रिणीच्या घरासमोर तिनं तीन वेळा मागेपुढे करून गाडी लावली. मैत्रिणीनं माशाचं झणझणीत कालवण केलं होतं. मी दोन वेळा भात घेतला, मग आग्रह झाला म्हणून तिसऱ्या वेळी घेतला. उन्हात अंगणात गप्पा झाल्या. निघताना बायकोनं किल्ली माझ्यापुढे धरली.

"घ्या, आता तुम्ही चालवा. मी थकली."

मी किल्ली घेतली, दारापर्यंत गेलो. पापण्या जड झाल्या होत्या. पूर्वी अशी झोप आली असतानाही मी निघालो असतो, वरून खिडकी उघडून गाणं म्हटलं असतं.

"नाही वं," मी म्हणालो. "मले झोप येऊन राहिली. अर्धा घंटा बसू इथंच."

मैत्रिणीनं आनंदानं परत चहा ठेवला. मी अंगणातल्या खाटेवर आडवा झालो, आणि त्या दोघी शाळेच्या जुन्या हेडमास्तरांविषयी बोलून खिदळत होत्या ते ऐकता ऐकता मला डुलकी लागली.